उजवी बाजू ताईंची

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मध्येच "असं कसं होईल?" म्हणून विचारू नका. ते मामीलाही सांगता येत नाही, आणि घडलं ते तिच्याच बाबतीत.

आणखी एक. हिच्यात काळीकुट्ट रात्र नाही. कुत्रं रडत नाही, दिवे जात नाहीत. हे सुरू झालं शनिवारी, भर दुपारी दीड वाजता, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. लख्ख ऊन होतं.

शेडमध्ये एक जुनी मोटरसायकल. दोन सिलिंडरची. कमरेवर हात ठेवून, कोपरं काढून कुणी भांडायला उभं राहावं, तसे तिचे सिलिंडर दोन्हीकडे बाहेर आलेले. एक डावीकडे, एक उजवीकडे.

गाडी माझ्या मावशीची. म्हणजे मामीच्या थोरल्या नणंदेची. मावशी पंपाच्या कारखान्यात फिटर होती. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिली. त्या शनिवारच्या अकरा वर्षं आधी मामी लग्न होऊन आली, आणि पहिल्याच रविवारी चहा घेऊन शेडमध्ये गेली, तर मावशी मान वर न करता म्हणाली, "बस त्या बाजूला. पाना धरता येतो का?"

"सुई धरते," मामी म्हणाली. मामी नर्स.

"मग पानाही येईल. हा पेशंट ओरडत नाही, एवढाच फरक."

त्या दिवशी वाटणी झाली. उजवा सिलिंडर मावशीचा, डावा मामीचा. दोन बुटकी स्टुलं, मध्ये गाडी. प्लग घासायचा, कार्ब्युरेटर धुवायचा, टॅपेट लावायचे, हे जिने तिने आपापल्या बाजूचं. दुसरीच्या बाजूला बोट लावायचं नाही.

भांडण एकच, टॅपेटचं. टॅपेट व्हॉल्व्हला ठोकतो, त्या दोघांत बारीकशी फट ठेवावी लागते. ती मोजायला पातळ पोलादी पत्ती असते. पुस्तकात लिहिलं होतं, एका पत्तीची फट. मामी एक ठेवायची. मावशी दोन. म्हणून उजवी बाजू सतत वाजायची. टक टक टक टक.

"ताई, तुमची बाजू सारखी कुरकुरते हो."

"कुरकुरू दे गं डावरे. तुझी गप्प असते, ती काय करतेय ते कळतं तरी का?"

डावरी हे मामीचं नाव पडलं ते तिथून.

मग मावशी आजारी पडली. तीन महिन्यांत संपलं सगळं. शेवटच्या आठवड्यात मामा आणि मामी दोघंही खाटेशी होते, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बाजूला कुणी हात लावायचा नाही." आणि हसली.

मामीला ती थट्टा वाटली.

मामाने ती शेवटची इच्छा धरली. गाडीवर चादर पडली, आणि सहा महिने ती चादर कुणी उचलली नाही.

पण त्या शुक्रवारी मामीच्या हातात कागद पडला. घाटापलीकडच्या दवाखान्यात मुख्य नर्सची जागा. नऊ वर्षं वाट पाहिलेली. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या बाईला. आणि घाटातून जाणारी पहिली बस आठची.

"मी सोडतो तुला," मामा म्हणाला.

"कशावरून?"

मामा पोस्टमन. त्याच्याकडे सायकल. तो हळूच म्हणाला, "ताईची गाडी नको. तिने सांगितलं होतं."

"ताईंनी गाडी चालवू नका असं सांगितलं नव्हतं. गंज चढवत ठेवा असंही नव्हतं," मामी म्हणाली.

शनिवारी मामा कामावर गेला. मामीने चादर काढली, देवाचं नाव घेतलं, आणि आपल्या स्टुलावर बसली. डाव्या बाजूचं सगळं काम तासाभरात झालं. सहा महिन्यांनी हात लागला होता, पण हात विसरला नव्हता.

मग ती उठली. वळसा घालून पलीकडे गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा उजव्या स्टुलावर बसली.

सिलिंडरच्या झाकणाचे चार नट काढले, एका डब्याच्या झाकणात टाकले. फट मोजली. दोन पत्त्या बरोबर बसत होत्या. मावशीचंच माप. मामीने ते पुस्तकाप्रमाणे केलं. एक पत्ती, अलगद. मग हात धुऊन जेवायला गेली.

पाऊण तासाने परत आली…

नट डब्याच्या झाकणात नव्हते.

फडक्यावर होते. एका रेषेत. चारही, समान अंतरावर.

मामी कधीच तसे लावत नाही, ती टाकून देते. रेषेत लावायची ती मावशी.

घरात दुसरं कुणी नव्हतं. फाटकाला कुलूप होतं. मागच्या दाराला आतून कडी होती, ती मामीनेच काढली होती आत्ता.

तिने पत्ती उचलली. एक घातली. सैल. दोन घातल्या… बरोबर बसल्या.

"माझंच चुकलं असेल," मामी मोठ्याने म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण तिला ते स्वतःला ऐकवायचं होतं. पुन्हा एक पत्तीवर लावलं. झाकण बसवलं. चारही नट जोर लावून आवळले. गाडी चालू केली. दोन्ही बाजू गप्प, एकसारख्या. ती सुरात आलेली ऐकून मामीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते धुरावर ढकललं.

रविवारी सकाळी मामा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकेना.

"झाली?"

"झाली. ऐकायचीय?"

"नको." मग थांबून, "तू उजवीकडे…"

"लावला हात. काय झालं मग? हात शाबूत आहे."

गाडी बंद होती. रात्रभर बंद. इंजिन थंडगार. चावी मामीच्या खिशात.

आणि उजव्या सिलिंडरमधून आवाज आला…

टक.

मामाने मामीकडे पाहिलं.

टक… टक.

"पत्रा तापतोय," मामी म्हणाली.

"पत्रा वर आहे," मामा म्हणाला, आणि निघून गेला. दुपारपर्यंत तो स्वयंपाकघरातून बाहेर आला नाही.

मामी मात्र तिथेच बसली. उजव्या स्टुलावर, उजवा पंजा झाकणावर ठेवून. तासभर जागची हलली नाही. हाताखाली सारखं टक, टक… आतून कुणी नख मारावं तसं. मग आवाज थांबला. तिने झाकण उघडलं. जे नट तिने जोर लावून आवळले होते, ते बोटांनी सुटले.

आता तीन पत्त्या जात होत्या.

इथे दुसरी कुणी असती तर चादर टाकून मोकळी झाली असती. मी तर नक्कीच. पण मामीला भीती वाटण्याआधी राग आला. आणि तो एकदा आला की मामासुद्धा घराच्या दुसऱ्या टोकाला जातो.

"ताई," ती म्हणाली, "अकरा वर्षं तुमचं ऐकलं. भाजी कशी चिरायची, पाना कसा धरायचा, सगळं. तुमची शेवटची रात्र माझ्या मांडीवर गेली. त्याचं मी काही मागत नाही. पण ही नोकरी माझी आहे. उद्या सहाला गाडी निघणार. तुमची बाजू चालणार नसेल तर नको चालू दे. मी एकाच सिलिंडरवर जाईन."



मामीने उजव्या कॉइलची वायर टोपीसकट उपसली आणि पिशवीत टाकली. आता उजव्या प्लगला ठिणगी मिळायचा मार्गच उरला नाही. उजवा सिलिंडर म्हणजे नुसतं ओझं. तिने झाकण लावलं आणि हात पुसले.

"आता करा काय करायचं ते."

सोमवारी सहाला उजाडलेलं होतं. मामा फाटकापर्यंत आला. "फटफट करतेय नुसती," म्हणाला.

"मीही करते. तरी पोचते."

सपाट रस्त्यावर निभावलं. एका बाजूवर चालणारी गाडी लंगड्या माणसासारखी उसळत जाते, पण जाते. घाट लागला आणि जीव जायला लागला. तिसरा गिअर, दुसरा, मग पहिला. भाजीचे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले. एका सायकलवाल्यानेही तिला गाठलं. सहा बेचाळीस झाले होते, आणि निम्मा घाट वर होता. इंजिन धापा टाकत होतं. मामी दोन्ही पायांनी रस्ता ढकलत होती. पण मागे वळायचं तिच्या मनात आलं नाही. हे तिने मला शपथेवर सांगितलंय.

एका वळणावर इंजिन जवळजवळ बंदच पडलं…

आणि उजवीकडून आवाज आला.

टक. टक टक. टक टक टक टक.

गाडीने असा ओढा घेतला की मामी मागे झुकली. दोन्ही सिलिंडर. पूर्ण ताकदीने. दुसरा, तिसरा. मघाचा सायकलवाला मागे पडला, ट्रक मागे पडले. मामीने एका हाताने पिशवी चाचपली. वायर आत होती. टोपीसकट.

तिने आभार मानले नाहीत. हेल्मेटच्या आत म्हणाली, "मी बोलावलं नव्हतं."

सहा पन्नासला ती दवाखान्याच्या फाटकात होती. चावी फिरवली, काढली. डावी बाजू बंद झाली.

उजवी चालूच राहिली.

टक टक टक टक.

फाटकावरचा वॉचमन उठून आला. "सिस्टर, गाडी बंद करा. पेशंट झोपलेत."

"केलीय."

"चावी काढा ना मग."

मामीने चावी दाखवली. मग पिशवीतून वायर काढून तीही दाखवली. वॉचमन दोन्हींकडे बघत राहिला. त्याला वायरचं काही कळलं नसावं, पण चावीचं कळलं. तो परत खुर्चीकडे गेला नाही. फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

मामी खाली वाकली. उजव्या सिलिंडरजवळ तोंड नेऊन, वॉर्डात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "ताई, माझी ड्यूटी आहे. थांबा."

गाडी थांबली.

मामीने बोट ओलं करून उजव्या सायलेन्सरला लावलं. चर्र झालं. ठिणगी नसलेली बाजू, तरी तापलेली.

सात वाजता तिने सही केली. जागा तिची झाली. आज दोन वर्षं होतील.

मामाने मेकॅनिक आणला होता. तो म्हणाला, आत कार्बन साठला की कधीकधी इंजिन चावी काढल्यावरही चालत राहतं. उघडून बघितलं, तर उजवा सिलिंडर आतून धुतल्यासारखा स्वच्छ. मेकॅनिकने चहासुद्धा घेतला नाही. मामा म्हणाला, विकून टाक. मामी म्हणाली, "विकली तर ताई कुणाच्या दारात जातील? आणि त्या परक्या माणसाचं ऐकतील का?"

वायर तिने परत बसवली. प्रत्येक सर्व्हिसिंगला ती उजव्या स्टुलावर बसते आणि एका पत्तीची फट लावते. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी दोन निघतात. ती पुन्हा एक करते. दोघींपैकी कुणी हटत नाही.

पण एक गोष्ट आहे, जी मामी मामाला सांगत नाही. गाडी अजूनही चावी काढल्यावर थांबत नाही. सांगावं लागतं. पहिल्या वर्षी एकदा सांगितलं की पुरायचं. मग दोनदा लागायला लागलं.

परवा मी तिच्या मागे बसून गेलो होतो. दवाखान्यापाशी तिने चावी काढली.

"ताई, थांबा."

टक टक टक टक.

"ताई." दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मी उतरून चार पावलं मागे झालो होतो. चौथ्यांदा ती थोडं चढ्या आवाजात बोलली, आणि गाडी थांबली.

"मामी," मी म्हणालो, "उद्या पाचदा सांगूनही नाही थांबली तर?"

"मग सहाव्यांदा सांगेन. माझा घसा बसत नाही." आणि हसत हसत आत गेली.

मला हसता आलं नाही. चौथ्यांदा सांगितल्यावर गाडी थांबली खरी. पण थांबायच्या आधी तिने एकदा मोठी रेस घेतली होती, उलट उत्तर दिल्यासारखी.

मामीचे दोन्ही हात तेव्हा हेल्मेटच्या पट्ट्याला होते.