शिवणीतली माया

डॉ. नीलाक्षी हिंगमिरे सोलापूरच्या प्रयोगशाळेत चांद्रतळासाठी त्रिमितीय यंत्रावर त्वचादाब पोशाख छापत असत. हा पोशाख नेहमीच्या अंतराळ-पोशाखासारखा हवेने फुगत नाही. घट्ट कापड स्वतःच अंगावर दाब देतं. म्हणून तो ज्याच्या त्याच्या मापाबरहुकूम, बिनशिवणीचा छापला जाई.

पण चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्यावर येतं, मणके मोकळे होतात आणि माणूस उंच होतो. किती, ते आधी सांगता येत नाही. भूगर्भतज्ज्ञ जाई कोंडविलकर चार सेंटिमीटर वाढली. पोशाख खांद्यांत रुतून तिचे हात बधिर होऊ लागले. तिला परत बोलवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

त्याच आठवड्यात संग्रहालयातून एका बँडवाल्याचा शंभर वर्षांपूर्वीचा कोट कापडाच्या तपासणीला प्रयोगशाळेत आला. नीलाक्षींनी अस्तर उसवलं. आत, पाठीच्या शिवणीत बोटभर जादा कापड दुमडलेलं होतं. शेजारी सुईच्या जुन्या भोकांची रांग होती, म्हणजे कोट एकदा सैल केलेला होता. अशा राखून ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. अंग बदलणार, हे त्या शिंप्याने गृहीतच धरलं होतं. नीलाक्षींनी पट्टी लावून ती माया मोजली.

मग त्यांनी पोशाख छापण्याऐवजी माया ठेवून शिवायचाच प्रस्ताव मांडला. दाबतज्ज्ञ फिरोज मुजावरांना तो पटेना.

"प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, मॅडम."

"श्वासाची हवा शिरस्त्राणात असते, फिरोज. कापडाने फक्त आवळून धरायचं. बारीक भोकाने काय बिघडणार?"

फिरोजनी निर्वात कक्षात महिनाभर चाचण्या घेतल्या. टाके टिकले. मालयान निघेपर्यंत जाईने तळाबाहेर पडायचं नाही, एवढ्या अटीवर तिचं परतणं लांबलं. पोशाख पोचला. जाईने पाठीची शिवण स्वतः उसवली, माया सोडली, पुन्हा टाके घातले. आठवड्याभरात तिच्या बोटांना सुई टोचलेली कळू लागली. पुढे सगळ्यांनाच शिवलेले पोशाख गेले.

दोन वर्षांनी चार नवी माणसं तळावर निघाली, पण मागणीपत्रात पोशाखांचा रकाना कोरा होता. काही बिघडलं की काय, या धास्तीने नीलाक्षींनी जाईशी संपर्क साधला.

जाईने सांगितलं, की पृथ्वीवर परतणारी माणसं आपले पोशाख तळावरच ठेवून जातात आणि ती ते उसवून नव्यांच्या मापाला बसवते. पोशाख आता कुणा एकाचे राहिलेच नव्हते.

आपल्या प्रयोगशाळेचं मोठं काम संपलं, हे नीलाक्षींच्या ध्यानात आलं. तरी त्यांना हसू फुटलं.

"मग पाठवू तरी काय?"

"दोरा पाठवा, मॅडम. पण पांढरा नको," जाई म्हणाली. "लोक आता रंग मागायला लागलेत."