सातवी ओळ

१९६२ सालचा चैत्र. दुपारी बारा वाजता मी दारव्ह्याच्या वाचनालयाला कुलूप घातलं आणि नाटकाची वही काखेत मारून जिनिंग कारखान्याकडे निघालो. कापसाचा हंगाम संपला होता. रिकामी पडलेली शेड मालकानं आम्हाला तालमीला दिली होती. शाळा सकाळच्या, म्हणून तालीम दुपारची. मी प्रॉम्प्टर.

नाटक नेमसिंगचं. तांड्यावरून येऊन प्राथमिक शाळेत मास्तर झालेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या नाटकाचा नायक रहस्यकादंबऱ्या लिहिणारा होता. नाव मोठं, पण दुसऱ्यांच्या ओळी उचलल्याशिवाय त्याला लिहिता येत नसे. मीही दोन रहस्यकादंबऱ्या लिहिल्या होत्या. नागपूरला छापल्या होत्या आणि त्यांचे गठ्ठे वाचनालयाच्या माळ्यावर तसेच पडून होते. गावात कोणी नेमसिंगचं कौतुक केलं की मी विषय बदलायचो.

तो मात्र मला मानायचा. वही देताना म्हणाला, "गुरुजी, जुन्या पुस्तकांतल्या सहा ओळी लपवल्या म्या नाटकात. हिरोची चोरी म्हणून. तुमच्याशिवाय कोनाले सापडनार नाहीत."

मी हसलो. मनात मात्र ठरवलं, की सहाही ओळी शोधायच्या, पुस्तकं आणि पानं लिहून काढायची आणि प्रयोगाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हातात तो कागद द्यायचा. चोर नायक नव्हे, लेखकच आहे, असं सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्यायचं. दोन दिवस कपाटं उपसली. एक ओळ जुन्या प्रवासवर्णनात निघाली, एक वैद्यकाच्या पोथीत, बाकीच्या कादंबऱ्यांत. सहा पुऱ्या झाल्या.

आणि तिसऱ्या अंकात सातवी दिसली.

"तिनं दाराला कडी घातली नाही. ज्याची भीती होती, तो घरातच जेवायला बसला होता."

ही ओळ कुठल्याच छापील पुस्तकात नव्हती. ती मी पाच वर्षांपूर्वी वाचली होती, प्रभावतीबाईंच्या वहीत, अगदी पहिलीच ओळ म्हणून. प्रभावतीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या घरानं आदल्याच वर्षी बौद्ध धम्म घेतला होता. एका संध्याकाळी त्या वाचनालयात आल्या आणि आपल्या कादंबरीची जाडजूड वही माझ्यासमोर ठेवली. "गुरुजी, तुम्ही लिहिता म्हणून आणली. दुसरी प्रत नाही. चुका दाखवा."

त्या रात्री मी चाळीस पानं वाचली. चुका नव्हत्या. मला जन्मात जमलं नसतं असं ते लिहिणं होतं. एकेचाळिसावं पान मी उलटलंच नाही. उठलो आणि वही चुलीत धुमसणाऱ्या ओल्या लाकडांवर घातली.

बाईंना सांगितलं, हरवली. त्या दर आठवड्याला यायच्या, टेबलापासून जरा लांब उभ्या राहायच्या आणि हळूच विचारायच्या, "सापडली का, गुरुजी?" पुढच्या उन्हाळ्यात विषमज्वरानं गेल्या.

शेडमध्ये पोचल्यावर मी नेमसिंगला बाजूला घेतलं. "ही सातवी ओळ कुठून आणली?"

"सातवी? सहाच हायेत." त्यानं वही डोळ्यांजवळ नेली. "अक्षर तं माह्यंच हाय... पन म्या हे लिहिलं नाही, गुरुजी."

"मग खोड."

त्यानं पेन्सिलनं ओळ खोडली. तालीम सुरू झाली. वरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. सरकीचा तेलकट वास होता आणि कापसाचे तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगत होते. मी पडद्यामागे स्टुलावर बसलो. पाठीशी पत्र्याची भिंत, मध्ये हातभर जागा.

तिसरा अंक आला. नायकाचं काम करणारा रामराव टेबलाशी बसून लिहीत होता. खोडलेल्या जागेपाशी तो थांबला. मी पुढची ओळ सांगितली. त्यानं ती घेतली नाही. मान कलती करून तो ऐकू लागला, माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे. मग म्हणाला, "तिनं दाराला कडी घातली नाही..."

आणि तो थांबेना. बाईंची कादंबरी ओळीमागून ओळ त्याच्या तोंडून येत राहिली. तेव्हा मला कळलं, की प्रत्येक वाक्य मी दोनदा ऐकतो आहे. एकदा रामरावच्या तोंडून, आणि त्याच्या आधी... अगदी बारीक, माझ्या मानेमागून. कोणी शांतपणे प्रॉम्प्ट करत होतं. ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. मला मान वळवता येईना.

एका दुपारी ते संपलं नाही. चार दिवस हेच चाललं. दुसऱ्या दिवशी चाळीस पानं ओलांडली गेली. पुढचं मी वाचलेलंच नव्हतं, ते माझ्या डोक्यातून येणं शक्य नव्हतं. नेमसिंग समोर मांडी घालून भराभरा उतरवून घेत होता. खरं सांगतो, भीतीनं अंग गार पडलेलं असतानाही माझ्या मनात एकच होतं... हे माझं असायला हवं होतं. तसं मनात आलं की मागचा आवाज क्षणभर थांबायचा.

चौथ्या दिवशी शेवटचं वाक्य झालं आणि रामराव घाम पुसत म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगून राह्यले होते ना? मंग आवाज बाईसारखा काहून काढला?"

मी मांडीवरची वही मिटली. नेमसिंग कागद छातीशी धरून जवळ आला. "कोनाचं हाय हे?"

"प्रभावतीबाईंचं," मी म्हणालो. आणि तेव्हाही तोंडातून निघालं, "वही माझ्याकडून हरवली होती."

त्यानं आपलं नाटक बाजूला ठेवलं. पदरचं घालून बाईंच्या नावानं कादंबरी छापायला नागपूरला दिली. स्वतःचं नाव कुठंही घातलं नाही. मला त्याचाही हेवा वाटला. प्रस्तावना त्यानं मलाच लिहायला लावली. मी चार पानं लिहिली, बाईंच्या बुद्धीचं कौतुक केलं. त्यात एक वाक्य होतं, 'दुर्दैवाने मूळ वही माझ्याकडून गहाळ झाली.'

आषाढात छापखान्याच्या मालकाचं पत्र आलं. ते वाचनालयात, माझ्या नावावर आलं. उभ्याउभ्याच फोडलं.

'स. न. वि. वि. मुद्रितं तपासायला आपल्याकडच्या बाई काल स्वतः येऊन गेल्या. दोन तास बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. कादंबरीत कानामात्रेच्या तीनच दुरुस्त्या केल्या. आपल्या प्रस्तावनेतलं गहाळ झाल्याचं वाक्य मात्र त्यांनी काढायला लावलं. तिथं काय घालायचं, असं विचारलं, तर म्हणाल्या, जागा मोकळी ठेवा. छपाई त्यासाठी थांबवून ठेवली आहे. ते वाक्य गुरुजींकडून मी समोर बसून लिहून घेते, असं सांगून त्या संध्याकाळच्या गाडीनं आपल्याकडे यायला निघाल्या आहेत.'