फ्लायव्हीलवरची बोटं

आधीच सांगतो, ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथेच वाचणं थांबवावं. कुणाला पटवायची मला हौस नाही. लोक म्हणतात मी भडक डोक्याचा आहे. आहेच. पण थापाड्या नाही.

आणि ही मध्यरात्रीची, पडक्या विहिरीजवळची वगैरे गोष्ट नाही. शुक्रवार होता. दुपारचे तीन. गॅरेजचं शटर सताड उघडं होतं आणि शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता.

तरीही ते घडलं.

गॅरेज माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं. इंजिनचा खालचा भाग दादा बांधायचा, वरचा मी. त्याच्या भागात मी हात घालायचा नाही, माझ्या भागात त्याने नाही. पंधरा वर्षं हाच नियम, कारण एका पान्याला दोघांनी हात लावला की आमचं वाजायचं. तो मला 'भडकू' म्हणायचा.

मग दादा गेला. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली. दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

मागे वहिनी राहिली, आणि तिची व्हॅन. वहिनी त्या व्हॅनमधून अकरा मुलांना शाळेत सोडते. व्हॅनचं इंजिन आम्ही तेव्हा नव्याने बांधायला घेतलं होतं. दादाने क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, बसवला होता, त्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी कडी, म्हणजे सील, बसवलं होतं. त्याच्या भागातलं फ्लायव्हील तेवढं राहिलं होतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाचं जड चाक, आठ बोल्टांवर घट्ट आवळलेलं. ते मी चढवलं. त्यावर क्लच, त्यामागे गिअरबॉक्स. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

आठव्या दिवशी खाली ऑइलचा थेंब.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, बरोबर त्या फटीतून. तिथून गळलं की कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून सांगेल, मागचं सील गेलंय.

म्हणजे दादाचं काम.

मी गिअरबॉक्स उतरवला, नवं सील टाकलं. चार दिवस कोरडं. पाचव्या दिवशी पुन्हा थेंब.

मग वहिनीचा फोन आला. "भाऊजी, शाळेच्या चढावर गाडी मागे मागे यायला लागली. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे जाईना. मुलं रडायला लागली हो!"

ऑइल क्लचवर उतरलं होतं, त्यामुळे तो पकडच घेत नव्हता. त्या चढाच्या खाली मोठा रस्ता आहे. पुढचं मी सांगायला नको.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या नवऱ्याने सील वाकडं ठोकून क्रँकला चरा पाडलाय. आता सीलं कितीही बदला, गळणारच. घाला ती व्हॅन भंगारात."



"त्यांचं काम आजवर गळलेलं नाही," वहिनी म्हणाली. "तुम्हाला सापडत नाही म्हणून मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका. उद्यापासून सुट्टी आहे, सोमवारी शाळा उघडतेय. मला गाडी पाहिजे."

फोन कट.

मला इतका संताप आला की हातातला पाना मी भिंतीवर फेकून मारला. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं. मेलेल्याशी काय भांडणार?

तर तो शुक्रवार.

गळती शोधायची जुनी रीत आहे. सगळं धुऊन लख्ख कोरडं करायचं आणि वर अंगाला लावायची साधी पावडर मारायची. ऑइल जिथून निघतं तिथे पावडर ओली होते. मी पुन्हा सगळं खोललं, सीलभोवती पावडर मारली, फ्लायव्हील चढवलं आणि बोल्ट आवळायला पान्याच्या टोकाला लावायची सतरा नंबरची गोटी घ्यायला वळलो.

हुकावर गोटी नव्हती.

सोळाची होती. अठराची होती. मधला हूक रिकामा.

अर्धा तास शोधलं. ट्रे उपडा केला, गाडीखाली लोळलो, टायरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी सापडली...

दादाच्या स्टुलावर. अगदी मधोमध.

त्या स्टुलावर तो गेल्यापासून कुणी बसत नाही. काही ठेवतही नाही. आणि मी त्याच्या शेजारून चार वेळा गेलो होतो.

"स्वतः ठेवतोस आणि जगाला शिव्या देतोस," टायरवाला म्हणाला.

मी बोल्ट आवळले, त्यांच्या डोक्यांवरही पावडर मारली, क्लच बसवला, गिअरबॉक्स चढवून सगळं बंद केलं. अर्धा तास इंजिन चालवलं. मग बंद.

इंजिन थंड होताना टिकटिक करतं. तशी करत होतं. हळूहळू तीही थांबली.

आणि मग...

ठक.

ठक ठक.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

आधी एक, मग दोन लागोपाठ. मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला असलो की दादा इंजिनवर पान्याने असंच ठोकायचा. म्हणजे, भडकू, इकडे ये.

आवाज व्हॅनखालून येत होता. जिथे फ्लायव्हील बंद केलं होतं, तिथून.

ठक. ठक ठक.

टायरवाला दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आत कोण आहे रे? दादासारखं कोण ठोकतंय?"

"लोखंड आकसतंय. जा तू."

तो गेला. त्याने कॉम्प्रेसर बंद केला, शटर ओढलं आणि साडेसहालाच घर गाठलं. एरवी हा माणूस आठच्या आत हलत नाही.

शनिवारी सकाळी मी गिअरबॉक्स उतरवला. क्लच काढला.

आणि फ्लायव्हील बघून तसाच उकिडवा बसून राहिलो.

आठही बोल्टांच्या डोक्यांवरची पावडर पुसलेली होती.

उडालेली नाही. पुसलेली. प्रत्येक बोल्टावर दोन बोटांचा एकच फराटा. जाड, रुंद बोटं. माझी इतकी रुंद नाहीत.

वर क्लच, मागे गिअरबॉक्स, सगळं मी माझ्या हाताने आवळलेलं. आत झुरळ शिरायला जागा नव्हती.

इथे मी घाबरलो असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं ठरलंय. मी भडकलो.

"तुझं काम गळतंय, आणि शिकवतोस मला?" रिकाम्या गॅरेजमध्ये मी ओरडलो. "जिवंत होतास तेव्हाही हेच! प्रत्येक गोष्टीत तुझं बोट!"



मी बोल्ट सोडवले, ट्रेमध्ये धाडकन फेकले आणि मागच्या नळावर तोंड धुवायला गेलो. दोन मिनिटं. फार तर तीन.

परत आलो तर ट्रे रिकामा.

बोल्ट जमिनीवरच्या पुठ्ठ्यावर होते. आठही, डोक्यावर उभे. एका ओळीत.

प्रत्येकाच्या आट्यांवरून ऑइल ओघळत होतं. प्रत्येकाखाली पुठ्ठ्यावर काळपट वर्तुळ पसरत होतं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले... पण डोळे मेकॅनिकचे. ते आट्यांवरच खिळले. बोल्टांच्या आट्यांना ऑइल कशाला लागेल?

फ्लायव्हील उतरवलं. सीलभोवतीची पावडर मारली तशीच. पांढरी, कोरडी ठणठणीत.

सील गळत नव्हतं. कधीच गळलं नव्हतं.

त्या इंजिनात फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आरपार आहेत, थेट आतल्या ऑइलपर्यंत. बोल्ट नुसते आवळले की आट्यांतून ऑइल झिरपतं आणि बाहेर येतं त्याच फटीतून. आट्यांना सीलबंद करायची पेस्ट लावूनच ते चढवायचे असतात. दादा लावायचा. मला ठाऊकच नव्हतं, कारण त्याच्या भागाकडे मी पंधरा वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा आठवलं. जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "फ्लायव्हील चढवायच्या वेळी मला सांग. त्यात एक गोष्ट आहे."

मी काय म्हणालो होतो? "मी काय काल जन्मलोय? आता बोल्ट आवळायला शिकवणार मला?"

तो दुसऱ्या कामाला लागला.

मी पेस्ट लावली. आठही बोल्टांना. या वेळी गोटी हुकावरच होती. रविवारी व्हॅनमध्ये वाळूची पोती भरून शाळेचा चढ सहा वेळा चढलो. खाली एक थेंब नाही.

सोमवारी सकाळी वहिनी गाडी न्यायला आली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. चूक माझी होती, दादाची नाही, हेही.

तिचे डोळे भरलेले, पण आवाजाला धार.

"मला काय सांगताय? ज्यांना नावं ठेवलीत त्यांना सांगा."

व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत आलो. स्टुलासमोर उभा राहिलो. माझं माफी मागणंही भांडल्यासारखंच असतं.

"चुकलो! झालं समाधान?"



मी वळलो.

मागच्या भिंतीला एक करडी गाडी उभी होती. दादा गेल्यावर मी एकट्याने बांधलेलं पहिलं इंजिन, खालपासून वरपर्यंत. मालक संध्याकाळी न्यायला येणार होता. गाडी कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात.

बॉनेट उघडं होतं.

पूर्ण वर. दांडी लावून.

मी त्याच दिवशी तिचा गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलच्या बोल्टांना पेस्ट लावली, सगळं पुन्हा बांधलं. बॉनेट आपटून बंद केलं, गाडीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी... उघडं.

तिसऱ्या दिवशीही.

आज एकविसावा दिवस आहे. इंजिन मी दोनदा खोललं. एकेक नट तपासला. थेंब नाही, धूर नाही, आवाज नाही. मालक रोज फोन करून शिव्या घालतो, त्याला बायको-पोरांना घेऊन घाट चढून जायचंय. मीही त्याला शिव्या घालतो, पण किल्ली देत नाही.

रोज सकाळी त्या उघड्या बॉनेटसमोर उभा राहून मी ओरडतो, "आता काय? सांग ना सरळ!"

त्या इंजिनात माझं काय चुकलंय, ते मला अजून सापडलेलं नाही.