दोन हिसके

थोरलीला तारांमधलं काही कळत नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती. तिच्या लेखी तारा दोनच. एक कपडे वाळत घालायची आणि दुसरी हात लावला की झटका देणारी. पण धाकट्या भावाचा फोन आला आणि ती होती तशी निघाली.

"ताई, अँटेनाची तार घरात घ्यायची आहे. एकट्याने होत नाही."

एवढंच बोलला. पण बायको गेल्यापासून या माणसाने अख्खं वाक्य उच्चारलं नव्हतं. जेवलास का, हं. झोपलास का, हं. डॉक्टर म्हणाले, याला बोलतं करा, नाहीतर हा असाच विझत जाईल. थोरलीने गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर ताटली आपटून फोडली. हा ढिम्म. आणि हाच तो धाकटा, जो पूर्वी तासन्‌तास रेडिओपुढे बसायचा आणि जगाच्या पार पलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांशी गप्पा छाटायचा. हॅम रेडिओची हौस होती त्याला. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला होता.

"घरात माणसं नाहीत का बोलायला?" थोरली टोमणा मारायची.

तर भावजयच हसायची. "असू द्या हो ताई. तो तिकडे बोलतो, तोवर माझे कान इकडे सुट्टीवर."

ती गेली आणि जुन्या घरात त्याला राहवेना. त्याने वस्तीच्या टोकाला एक बैठं घर भाड्याने घेतलं. रेडिओ खोक्यातच पडून होता. आता तो बाहेर काढावासा वाटला, म्हणजे पोरगा परत माणसांत येतोय, असं थोरलीने धरलं. त्यासाठी ती तारच काय, विजेचा खांबसुद्धा ओढत आणायला तयार होती.

पोहोचली तेव्हा दुपार होती, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवे लावावेत. धाकट्याने गच्चीवर लोखंडी नळा उभा करून त्यावर अँटेना चढवली होती. रेडिओच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून त्यात प्लास्टिकची नळी बसवली होती. भोक बाहेरच्या बाजूने एका अरुंद बोळात उघडत होतं. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला कुंपणाची भिंत. ओल्या चुन्याचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास नुसता नाकात बसत होता.

"मी गच्चीवरून तार सोडतो," धाकटा म्हणाला. "टोक हाताला आलं की नळीत सार. मग मी खाली येऊन आतून ओढून घेतो. आणि भिंतीत शिरायच्या आधी तारेला झोळ ठेव. पावसाचं पाणी तारेवरून चालत येतं. झोळाच्या तळाशी आलं की टपकून जातं, वर चढून आत येत नाही."

इतकी वाक्यं! थोरलीला त्याची अलाबला घ्यावीशी वाटली. ती म्हणाली, "हो हो, शिकव आता मला. चढ वर."

कुंपणापलीकडून शेजारच्या मास्तरांनी मान वर काढली. "वायर लावताय? आमच्या टीव्हीत मुंग्या येणार नाहीत ना?"

"आल्याच तर साखर झाकून ठेवा."

मास्तरांची मान खाली गेली.

वरून तार आली. काळी, करंगळीएवढी जाड. माती शिरू नये म्हणून टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. थोरली स्टुलावर चढली, टोक नळीत घातलं आणि ढकललं. वीतभर गेलं. मग तिला ढकलावं लागलं नाही. आतून कुणीतरी घेतलं.

'आला वाटतं खाली,' तिने मनात म्हटलं. तार तिच्या तळव्यावरून सरसर आत जाऊ लागली.

"हळू ओढ रे! पळून चाललीये का ती?"

तिने ठेवलेला झोळ आत गेला. तिने पुन्हा ठेवला, तोही गेला. "मेल्या, झोळ राहू दे ना!" तार क्षणभर थांबली. मग एक हिसका बसला. एकच. लांब, सावकाश. समोरच्याच्या मनगटात किती जोर आहे, ते अजमावून पाहावं तसा.

तेवढ्यात डोक्यावरून धाकट्याचा आवाज आला.

"ताई, किती ओढतेयस? वेटोळं संपत आलं की!"

थोरलीने वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून त्याचं डोकं दिसत होतं.

"तू... वर आहेस?"

"मग कुठे असणार?"

तार तिच्या हातांतून जातच होती.

थोरली भित्री नव्हे. तिच्या डोक्यात पहिला आला तो राग. घरात चोर शिरलाय! ती स्टुलावरून उतरली, वाटेतला झाडू उचलला आणि तरातरा आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. टेबल, त्यावर रेडिओ, एक खुर्ची, दोन बंद खोकी. भिंतीत नळीचं आतलं तोंड होतं आणि ते रिकामं होतं. तार आत आलीच नव्हती.

तिने वाकून नळीला डोळा लावला. बाहेरचा उजेड दिसायला हवा होता. दिसला नाही. तिने बोट घातलं. गार. नुसतं गार नाही, तर बोटाशी हवा आत ओढली जात होती, थांबत होती, पुन्हा ओढली जात होती. तिने बोट झटकन काढलं.

भिंत एका विटेची. आणि घराला वेढा घालता येईल एवढी तार त्या विटेत गेली होती.

ती बोळात परतली तेव्हा धाकटा खाली उतरून नळीपाशी उभा होता, हातात तार धरून. तारेला पुन्हा हिसका बसला. तसाच, एकच.

"उंदीर असेल," थोरली म्हणाली. तिलाही पटलं नाही. "भिंत पोकळ असेल. सोड ती. उद्या गवंडी आणू."

धाकट्याचं लक्ष नव्हतं. तो त्या नळीकडे बघत होता.

"ताई, तुला माहीत नाही. तार आत घ्यायची असली की नेहमी तीच आत उभी राहायची. मी बाहेरून सारायचो. टोक हाताला लागलं की दोनदा ओढायची. हलके दोन हिसके. म्हणजे मिळाली, आता सोड."

त्याचं वाक्य पुरं झालं. पाल्याचीही सळसळ थांबली.

आणि तारेला दोन हिसके बसले. हलके.

धाकट्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून थोरली एक पाऊल मागे सरली. आनंद होता तो. निखळ.

"तूच ना?" त्याने नळीशी तोंड नेलं. "तूच आहेस ना गं?"

दोन हिसके.

मग तो बोलू लागला. इतके महिने साठलेलं सगळं धरण फुटल्यासारखं बाहेर पडलं. दवाखान्यात तिने हाक मारली तेव्हा आपण बाहेर औषधाच्या रांगेत होतो, ते बोलला. तिची चप्पल अजून दाराशीच ठेवलीये, ते बोलला. थोरलीने ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं, तेच घडत होतं. भाऊ बोलत होता. पण भिंतीशी. आणि बोलता बोलता, निसटू नये म्हणून, तारेचे वेढे स्वतःच्या मनगटाला घेत होता.

वर गच्चीत लोखंडी नळा करकरला. तार ताणली गेली होती. देण्यासारखं वेटोळं उरलं नव्हतं.

"बास झालं, सोड आता!"

"ताई, ती आहे आत."

थोरली जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली. पण तिने पोरं वाढवली होती, आणि खोटं बोलणारं पोर ती आवाजावरून ओळखायची. पोर खरं सांगत असेल तर आपणहून सांगतं. खोटं सांगत असेल तर आधी तुमचं ऐकून घेतं, मग तेच तुम्हाला परत देतं.

आधी एकच हिसका होता. दोन कधी झाले? धाकट्याने दोन म्हटलं, तेव्हा.

पण आवाज तिने साधा ठेवला, चहा टाकू का विचारावं इतका साधा. आणि मुद्दाम मोठ्याने, नळीकडे तोंड करून म्हणाली,

"आणि ते तीनदा ओढायची ते आठवतं का रे? तीनदा म्हणजे... मी येऊ का?"

धाकटा गोंधळला. "तीनदा? नाही गं ताई, तीनदा तिने कधीच..."

एक. दोन. तीन.

तिसरा हिसका बसला आणि धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. रंग उतरत गेला चेहऱ्यावरचा, वरून खाली. त्याला कळलं. पुन्हा एकदा गेली त्याची बायको, थोरलीच्या डोळ्यांदेखत.

"ही ती नाही," तो पुटपुटला. "ताई... ही कोण आहे?"

आतल्यालाही कळलं असावं. तार अशी खेचली गेली की धाकटा भिंतीवर आपटला. वेढ्यांनी मनगट आवळलं, हात नळीच्या तोंडाशी गेला, बोटं निळी पडली. वर नळा वाकल्याचा आवाज झाला. "सोडव! ताई, आत घेतंय!" थोरलीने खाली पडलेल्या हत्यारांतली पक्कड उचलली. तार जाड होती. तिने दातओठ खाऊन दाबली, पुन्हा दाबली. मनगट आणि नळी यांच्यातली तार तुटली.

तुटलेलं टोक आत गेलं. जीभ तोंडात ओढून घ्यावी, तसं.

भाऊ पाल्यात पडून धापा टाकत होता. आता तरी थोरलीने गप्प बसावं की नाही? पण जन्मात कधी तिचं तोंड बंद राहिलं नव्हतं. संतापाने तिला काही सुचेना. तिने पक्कड भिंतीवर हाणली आणि त्या भोकात ओरडली,

"माझ्या भावावर जोर दाखवतोस होय रे मेल्या? गरीब सापडला म्हणून? हिंमत असेल तर माझ्या घरी येऊन दाखव! मग बघते तुला!"

आत काही हललं नाही. ऐकत होतं.

त्याच संध्याकाळी तिने भावाला आपल्या घरी नेलं. नळीत कापडाचे बोळे कोंबले, वर सिमेंट थापलं, घरमालकाला किल्ली दिली आणि मागे वळून पाहिलं नाही.

आणि धाकटा सुधारला. खरंच सुधारला. त्या बोळात जे तोंड उघडलं, ते पुन्हा मिटलं नाही. आधी रडला, मग जेवू लागला, मग जेवणाला नावं ठेवू लागला. भाजीत मीठ विसरलीस, म्हणाला, तेव्हा थोरलीने आत जाऊन डोळे पुसले. तिची चिमुरडी नात शाळेतून थेट त्याच्याकडेच यायची. दोघं मिळून मोडका टॉर्च नाहीतर घंटी उघडून बसायची. रेडिओच्या खोक्याला त्याने हात लावला नाही, पण आल्यागेल्याशी दिलखुलास बोलायचा.

एके दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. थोरली मागल्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीचं एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं घराच्या भिंतीतल्या आकड्याला. चादर टाकून झाली. चिमटा लावायला तिने दोरी मुठीत धरली.

एक. दोन. तीन.

वारा नव्हता. चादरीचा काठसुद्धा हलत नव्हता. पेरूवर पाखरू नव्हतं. ओढ भिंतीकडून आली होती. आकडा जागच्या जागी घट्ट होता, त्याच्याभोवतीचा गिलावा कोरडा, चीर नसलेला. दोरी मात्र ताणली गेली होती आणि तशीच राहिली होती. कुणीतरी उत्तराची वाट बघत धरून ठेवावी, तशी.

मी येऊ का?

हे तीन हिसके तिने स्वतः रचले होते. त्यांचा अर्थही तिनेच सांगितला होता. आणि घरी ये म्हणून तिनेच बजावलं होतं.

थोरलीच्या जिभेवर शिव्यांची रास आली. पण बाईने आयुष्यात पहिल्यांदा ओठ मिटले. अक्षर बाहेर पडू द्यायचं नाही. 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'सुद्धा म्हणायचं नाही, काहीच नाही. आपण गप्प राहिलो तर ते ताटकळेल, कंटाळेल, जाईल. तिने श्वाससुद्धा नाकाने, बेताने घेतला. दोरी मुठीतच होती. सोडायची छाती होईना.

तेवढ्यात पुढल्या दाराशी दप्तर आपटल्याचा आवाज झाला. नात शाळेतून आली होती. आणि आतून धाकट्याचा आवाज आला. मोकळा, खणखणीत, सगळ्या घरात घुमणारा. ज्या आवाजासाठी थोरलीने इतकं केलं होतं, तोच.

"आलीस? अगं मग दारात काय उभी? ये! ये, आत ये!"

थोरलीच्या मुठीतली दोरी हलली.

दोनदा. हलकेच.