दहा रकाने

मंगळवारी सकाळी नऊ वाजता पोलीस चौकीत बेकरीवाल्याचा फोन आला. त्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहणारी शिवणकामवाली जिन्यात पडली होती. डोकं फुटलं होतं, आणि तिची सहा वर्षांची पोर घरात नव्हती.

फौजदार बाई पोचल्या तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, पण शुद्धीवर.

"नवऱ्यानं मारलं," ती म्हणाली. "पोरीला घेऊन तो देशाबाहेर जाईल. आज नाहीतर उद्या. तशी धमकीच होती त्याची."

"तुमचा पत्ता कुणाला माहीत होता?"

"चार महिने कुणालाच नाही. परवा रविवारी, नेहमीच्या अकरा वाजता, आईला फोनवर सांगितला. स्वेटर पाठवायचे होते तिला."

शिवणकामवालीच्या आईनं डोळे पुसत शपथ घेतली. पत्ता तिनं कागदावरसुद्धा लिहिला नव्हता, नुसता पाठ केला होता. नवऱ्याच्या घराला कुलूप होतं. ते तोडून बाई आत गेल्या. कपाट मोकळं, पासपोर्ट गायब. शोकेसमध्ये तेवढा बॅडमिंटनचा एक चषक, 'दुहेरी, विजेते'.

दोघींपैकी कुणी बोललं नाही, म्हणजे तिसऱ्या कुणीतरी ऐकलं.

सरकारचं फोन ऐकणारं खातं दोन गल्ल्या पलीकडे होतं. न्यायालयाच्या आदेशाशिवाय फोन ऐकायचा नाही, असा कायदा. तातडी असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र मशीनवर अर्ज भरून लगेच ऐकता येतं, आदेश मागून आणायचा. खात्यात माणसं तीन: साहेब, मशीनवाला आणि ऑपरेटर चष्मेवाली. रविवारी तिघंही कामावर होते.

साहेबांनी हसून खुर्ची पुढे केली. "लोकांच्या सुरक्षेसाठीच आहे हो हे सगळं. ज्याच्या मनात पाप नाही त्यानं घाबरायचं कशाला?"

त्यांच्या मागच्या कपाटावर एक चषक चकाकत होता. बाईंची नजर त्यावर क्षणभर रेंगाळली. त्यांनी आईचा नंबर दिला. मशीनवाल्यानं नोंद काढली: रविवार, दहा पन्नास, चष्मेवालीचा पासवर्ड.

चष्मेवालीच्या तोंडचं पाणीच पळालं. "मी नाही, बाई! पावणेअकराला मी चहाला खाली गेले होते."

"मग पासवर्ड कुणी दिला?"

"तो दर आठवड्याला बदलावा लागतो. लक्षात कुठला राहायला? सगळ्यांच्याच चिठ्ठ्या कीबोर्डखाली असतात."

"यंदाचे सगळे अर्ज दाखवा."

चारशे बारा अर्ज होते. प्रत्येकावर दहा रकाने, पण वरवर चाळताना भरलेले दिसले दोनच: नंबर आणि कारण. कारण सगळीकडे एकच, 'जिवाला धोका'.

"चारशे बारा माणसांच्या जिवाला धोका?" बाईंनी विचारलं. "आणि मागून आदेश किती आणले?"

चष्मेवाली खाली बघत पुटपुटली, "एकही नाही. कुणी तपासतच नाही."

शी! चारशे बारा घरांत कान लावून बसले होते, आणि खरं कारण लिहायचेसुद्धा कष्ट नकोत यांना.

"बाकीचे आठ रकाने कशाला मग?"

"साहेबांच्या नियमावलीतले आहेत," मशीनवाला म्हणाला. "मशीन दोनांवरच चालू होतं. पहिल्याच दिवशी मी हिला सांगितलं, बाकीच्यांत वेळ घालवू नकोस."

बाईंनी रविवारचा अर्ज उघडला, वाचला आणि स्क्रीन सगळ्यांकडे वळवली.

"चारशे अकरा अर्जांत दोन रकाने भरलेत. या एकात दहाच्या दहा. विभाग, कलम, मुदत, सगळं जागच्या जागी. चष्मेवालीनं वर्षभर दोनच भरले. मशीनवाल्याला तर दोनच लागतात हे पक्कं ठाऊक. दहाही भरायला लागतात असं या खात्यात एकाच माणसाला वाटतं. ज्यानं नियम लिहिले आणि स्वतः कधी अर्ज भरला नाही, त्याला."

साहेबांनी हात झटकले. "हा काय पुरावा झाला?"

"दुहेरीचा चषक दोघांना मिळतो, साहेब. एक तुमच्या कपाटावर आहे. दुसरा मी सकाळी त्या नवऱ्याच्या शोकेसमध्ये पाहिला."

साहेब खाली बसले. "मित्र आहे माझा. लेकीसाठी रडत होता हो. तो हात उगारेल असं मला..."

"ती चार महिने लपून का राहिली होती, हे विचारलंत त्याला? पोर कुठे आहे?"

"माझ्या घरी. वरच्या खोलीत. दोघंही. दुपारच्या विमानानं निघणार होते."

अर्ध्या तासात नवऱ्याच्या हातात बेड्या पडल्या. साहेबांच्याही. चारशे बारा अर्ज छापून घेऊन त्यांचा गठ्ठा बाईंनी स्वतःच्या गाडीत ठेवला. न्यायाधीशांच्या टेबलावर तो टाकायचा होता.

दवाखान्यात पोर आईच्या कुशीत शिरली. आईनं तिचे हात, पाय, केस चाचपून पाहिले आणि मग बाईंकडे पाहिलं.

"कसं कळलं हो त्याला?"

"तुमच्या आईचा फोन ऐकत होते."

तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं.

"म्हणजे आता आईशीसुद्धा बोलायचं नाही?"

तिनं उशाजवळचा फोन उचलला, बंद केला आणि बाईंच्या हातात दिला.