वीतभर वरून

बेलापुरात एस्तेरबाईंच्या ओट्यावर बुधवारी सकाळी गर्दी असायची. गर्दी म्हणजे सहा-सात माणसं, पण ओटाच एवढासा की तेवढ्यांनीही भरून जायचा. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर टीव्हीसमोर बसून गुडघे चोळणं काही त्यांना मानवलं नाही. पुण्याची सून लव्हेंडर तेलाची करंगळीएवढी निळी बाटली पाठवायची, आणि त्या एका बाटलीवर बाईंनी ओट्यावर दवाखाना थाटला होता. दवाखाना हा शब्द त्यांच्या यजमानांचा, प्रभुदास मास्तरांचा. त्यात थोडी थट्टा होती आणि पुष्कळसा अभिमान.

पद्धत मात्र पक्की होती. नुसतं तेल कुणालाच लावायचं नाही, कातडी भाजते. चमचाभर खोबरेलात तीन थेंब. थंडीत खोबरेल थिजलं की वाटी गरम पाण्यात ठेवायची. पहिल्या दिवशी कोपराच्या खोबणीत नुसता ठिपका लावायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथं लाल झालं नसलं तरच पुढं जायचं. खाज, घामोळं, धुण्याभांड्यानं सोललेली बोटं एवढंच त्या बघायच्या. जखम पिकलेली दिसली किंवा नायटा दिसला की "माझ्याकडे काय आलीस, डॉक्टरकडे जा," असं तोंडावर सांगून मोकळ्या व्हायच्या.

आणि तेल त्या कधी कापसानं लावत नसत. दोन बोटं तेलात बुडवायची आणि बोटांनीच जिरवायचं, कातडी गरम होईपर्यंत, सावकाश. शेजारच्या लंकाबाई म्हणायच्या, "गुन तेलाचा न्हाई, बाईंच्या हाताचा हाय." बाई म्हणायच्या, छे, तेलाचाच. पण लंकाबाईंनी ते पुन्हा खोडून काढावं म्हणून दोन क्षण थांबायच्याही.

या हात लावण्यामागं घरातली एक गोष्ट होती. बाईंची पणजी दुष्काळाच्या साली एका मळ्यातल्या विहिरीवर पाणी मागायला जायची. लुगडं आवरून, अंग चोरून खाली बसायचं, कुणाला लागू नये म्हणून. ओंजळ खाली धरायची. मग कुणीतरी वरून, वीतभर वरून, पाणी सोडायचं. पुढं हातांना खरूज झाली तेव्हा मिशनच्या मडमेनं पणजीचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले, धुतले आणि तेल लावलं. पणजी रडली ती औषधानं नव्हे, हात धरल्यानं. त्या दिवसापासून हे घर ख्रिस्ती झालं, असं घरात सांगत. नाताळच्या आदल्या दिवशी, घरातलं मूल सहा वर्षांचं झालं की त्याला ही गोष्ट ऐकवायची रीत होती. बाईंनी ती चर्चमध्येही तीनदा साक्ष म्हणून सांगितली होती आणि तिन्ही वेळा लोकांनी डोळे पुसले होते. यंदा नातीची, जास्मिनची पाळी होती.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी दगडाबाई आली.

पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी पाटाच्या कडेला झोपडीवजा कोप्या घालून उतरली होती, त्यातली ही. ओट्यावर न चढता पायरीखालीच उभी राहिली. आपली पाळी आल्यावर तिनं बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड, काळी, खाजवून खाजवून खरबरीत झालेली. जखमा सुकलेल्या होत्या. उसाचा आंबूस वास येत होता, धुराचा येत होता, आणि न धुतलेल्या अंगाचाही.

"उसाच्या पाचटानं लई खाजतंय ताई," ती म्हणाली. "रातीला डोळ्याला डोळा लागत न्हाई."

बाईंची दोन बोटं तेलात होती. त्यांनी ती बाहेर काढली आणि पदराला पुसली. का पुसली, हे तेव्हा त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. चमचा उचलला, दगडाबाईच्या हातांवर धरला आणि तिरका केला. वीतभर वरून.

लंकाबाई उगाच रस्त्याकडे बघू लागल्या.

दगडाबाईनं वरून येणारी तेलाची धार बघितली. मग हात अजून थोडे खाली नेले, थेंब नीट पडावेत म्हणून. "वरूनच सोडा ताई," ती म्हणाली. "तुमचं हात कशाला घान करता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना ते सोपं गेलं असतं. जाताना तिनं वाकून नमस्कार केला तो बाईंच्या पायांना नव्हे, पायांपासून वीतभर अलीकडच्या फरशीला.

उघड्या जखमेला हात लावू नये, हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. बाईंनी ते दिवसभरात स्वतःला चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना त्यांना बँकेतल्या साहेबांच्या बायकोचा घोटा आठवला. पंधरा दिवसांपूर्वी त्या घोट्यातून पाणी वाहत होतं, आणि तो त्यांनी मांडीवर घेऊन पुसला होता. शिवाय ठिपका लावून एक दिवस थांबायचं, तेही त्यांनी टाळलं होतं. कारण त्यांना ही बाई उद्या पुन्हा यायला नको होती. एस्तेरबाईंना लाज वाटली. इतकी, की त्यांनी ती गोष्ट मास्तरांना सांगितली नाही.

गुरुवारी सकाळी मास्तर भाकरी मोडता मोडता थांबले. "आज काय, भाकरीला वास नाही तुझ्या त्या तेलाचा?"

सहा वर्षं ते त्या वासावरून कुरकुरत होते. बाईंनी हात हुंगले. आदल्या सांजेला बाटलीचं बूच लावताना तेल बोटांवर सांडलं होतं, पण बोटांना कसलाच वास नव्हता.

पुढच्या बुधवारी पहिली पाळी लंकाबाईंची. मानेवर खाज उठली होती. त्यांनी पदर बाजूला केला आणि मान पुढं केली. बाईंनी दोन बोटांनी तेल लावलं, जिरवलं, हात धुवायला उठल्या.

"लावा ना बाई," लंकाबाई म्हणाल्या.

"लावलं की."

लंकाबाईंनी मानेवरून हात फिरवला आणि तो बाईंसमोर धरला. कोरडा होता. खाली फरशीवर तेलाचे सहा-सात थेंब पडले होते.

"थंडीनं हात बधिर झालेत," बाई म्हणाल्या. लंकाबाई हसल्या, पण पुरतं हसल्या नाहीत. तेल त्यांनी आपलं आपणच लावून घेतलं.

त्या दुपारी एस्तेरबाईंनी स्वतःला रुग्णासारखं तपासलं. सुई टोचली, दुखलं. गरम पेला धरला, चटका बसला. उजव्या हातानं डावा हात धरला तर धरता येत होता, नाडीही नीट लागत होती. त्यांनी हे सगळं कागदावर लिहिलं. मग आत जाऊन आरामखुर्चीत पेंगणाऱ्या मास्तरांच्या कपाळावर हात ठेवला. डोळ्यांना दिसत होतं की हात कपाळावर आहे. तळव्याला मात्र नुसती हवा लागत होती, विहिरीत डोकावल्यावर तोंडाला लागते तशी गार. मास्तरांनी डोळे उघडले.

"हात पुढं धरून काय उभी आहेस समोर? काय झालं?"

"काही नाही. ताप आहे का बघत होते."

"मग बघ ना," मास्तर म्हणाले आणि वाट बघत राहिले.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या दारात सगळे हात मिळवून एकमेकांना सलाम करत होते. पाळकसाहेबांनी हात पुढं केला, बाईंनी तो धरला. पाळकसाहेबांचा हात तसाच पुढं राहिला. ते अवघडून हसले आणि हात मागं घेतला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, बाई हल्ली कुणाला हातच देत नाहीत. बाईंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, इथंच सगळ्यांसमोर सांगून टाकावं की मी काय केलं. तीन वेळा जिथून पणजीची गोष्ट सांगितली ती जागा दहा पावलांवर होती. त्या चप्पल घालून घरी आल्या.

पण जास्मिन आठवड्याभरात येणार होती. थंडीत तिच्या कोपरांच्या खोबणीत इसब उठायचं, आणि ती रक्त येईपर्यंत खाजवायची. पुण्याच्या डॉक्टरांचं मलम चालू होतंच. तरी तिला झोप लागायची ती आजीच्या दोन बोटांनी. ती बोटं परत मिळवायची तर कुठं जायला हवं, हे एस्तेरबाईंना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी त्या रिक्षा करून पाटावर गेल्या.

टोळी जवळच्याच उसाच्या फडात होती. दगडाबाई मोळ्या बांधत होती. बाईंना बघून तिनं मोळी खाली ठेवली आणि लगबगीनं बाह्या वर केल्या.

हात स्वच्छ होते. ओरखडा नाही, डाग नाही. चमचाभर तेलानं, तेही एकदाच लावून, असं होत नसतं. बाईंना नर्स म्हणून ते ठाऊक होतं.

"गुन आला बगा ताई! एका दिसात."

"दगडाबाई, त्या दिवशी मी तुझ्या हाताला हात लावला नाही," बाई म्हणाल्या. "किळस आली मला. मला क्षमा कर."

दगडाबाई गोंधळली. "आवो, बरं झालं की. हात लावून काय हुतंय?"

"तुझा हात दे."

तिनं दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. आपली बोटं तिच्या बोटांवर मिटलेली त्यांनी नीट बघितली.

नुसती गार हवा.

दगडाबाई हात पुढं करून उभी होती. "धरा की ताई," ती म्हणाली.

बाईंनी अजून घट्ट धरला.

दगडाबाईनं क्षणभर वाट बघितली आणि हात हळूच खाली घेतला. बाईंना वाईट वाटू नये अशा बेतानं. "असू द्या," ती म्हणाली. "आमाला सवय हाय."

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी दाराशी थांबली. जास्मिन दरवर्षी धावत येऊन आजीच्या गळ्यात पडायची. यंदाही ती धावत आली.

आणि पायरीखाली थांबली. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

"आजी, खूप खाजतंय."

तिनं स्वेटरच्या बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरं लाल झाली होती. सून गाडीतून सामान काढत होती, मास्तर तिला मदत करत होते. ओट्यापाशी दोघीच.

एस्तेरबाईंनी वाटी गरम पाण्यात ठेवली. खोबरेल पातळ झालं. तीन थेंब टाकले. देवा, एवढं एकदा, त्या मनात म्हणाल्या. दोन बोटं तेलात बुडवली आणि जास्मिनच्या कोपरावर टेकवली.

जास्मिन वाट बघत होती.

तेल फरशीवर टपटपत होतं.

पोरीनं खाली थेंबांकडे बघितलं. मग आजीच्या तोंडाकडे. ती रडली नाही, की रुसली नाही. काहीतरी समजल्यासारखी मान हलवली आणि पायरीखाली उकिडवी बसली.

पणजीची गोष्ट तिला अजून कुणीच सांगितलेली नव्हती. ती आज संध्याकाळी सांगायची होती.

जास्मिननं दोन्ही हात जुळवून ओंजळ केली आणि ती खाली, अगदी खाली धरली.

"वरून सोड, आजी," ती म्हणाली.

आणि एका कोपरानं आपला फ्रॉक अंगाशी आवरून घेतला, आजीला लागू नये म्हणून.