पाच वॅट, पंचवीस वॅट

सकाळी साडेदहा वाजता क्षितिज थळे चेन्नईच्या रॉयपुरममधल्या दुकानात शिरला, उंबरठ्याला अडखळला आणि काउंटरवरचा रेडिओ उचलून तमिळमध्ये म्हणाला, "हा द्या."

"कुठल्या बोटीसाठी?" काउंटरमागच्या मुलीने मराठीत विचारलं.

तो दचकला. "तुम्हाला कसं कळलं मी...?"

"ठेच लागली तेव्हा ‘आई गं’ म्हणालात. आणि तुमचं तमिळ... असू दे."

श्रीरंजनी तंजावरच्या मराठी घरातली. मामांच्या, म्हणजे राघोत्तम रावांच्या दुकानात ती बोटींचे रेडिओ विकायची आणि बसवूनही द्यायची. क्षितिज अलिबागचा. समुद्राचं पाणी तपासणाऱ्या एका कंपनीची पॉवरबोट चालवायचा.

"हा हातातला सेट, पाच वॅटचा," ती म्हणाली. "बोट बुडाली तरी गळ्यात राहतो, पण लांब पोचत नाही. तो तिथला कायमचा बसवायचा, पंचवीस वॅट. अँटेना उंच, आवाज लांब जातो. मात्र बोटीची बॅटरी गेली की तोही गेला."

"मग कुठला घेऊ?"

"किती लांब जाता?"

"कोणी परत बोलावेपर्यंत."

"मैलांत सांगा," ती म्हणाली. पण कान लाल झाले होते.

त्या दिवशी त्याने काहीच घेतलं नाही. पुढचे तीन आठवडे मात्र तो येत राहिला — एकदा अँटेनाची उंची विचारायला, एकदा खाऱ्या हवेने वायर गंजते का ते विचारायला, एकदा काहीच न विचारायला.

"अगे रंजनी," मामा न राहवून त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "या पोराला रेडिओ होणा की काप्पी होणा?" रेडिओ हवा की कॉफी, हे क्षितिजलाही सांगता आलं नसतं.

शेवटी तिनेच ठरवलं : बसवायचा सेट बोटीवर तात्पुरता लावायचा, समुद्रात नेऊन बघायचा. शनिवारी कासिमेडूच्या धक्क्यावर ती केबिनमध्ये स्क्रू पिळत होती, तो टॉर्च धरून उभा होता.

"कोचीला बदली देतायत," तो एकदम म्हणाला. "सोमवारी उत्तर द्यायचंय."

"पगार?"

"चांगला आहे."

"मग... जा," ती म्हणाली. आणि स्क्रू उलटा फिरवू लागली.

तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो फक्त टॉर्च बंद करून म्हणाला, "मामा ऐकणारेत का चाचणी?"

"ते टी. नगरला खरेदीला गेलेत."

चार वाजता बोट सुटली. हातातला सेट घेऊन ती धक्क्यावर उभी राहिली.

"धक्का, धक्का, ऐकू येतंय का? ओव्हर."

"स्पष्ट. ओव्हर."

"इथून तुमची पिवळी ओढणी दिसते. ओव्हर."

"चाचणीपुरतं बोला. ओव्हर."

मग ओढणी दिसेनाशी झाली असावी. बोट तर केव्हाच ठिपका होऊन विरली होती. पण त्याचा आवाज येत होता, अगदी कानाशी.

"श्रीरंजनी? ऐकू येतंय का?"

"येतंय. ओव्हर."

"श्रीरंजनी...?"

तिच्या लक्षात आलं. त्याचे पंचवीस वॅट तिच्यापर्यंत पोचत होते, तिचे पाच वाटेतच संपत होते. त्याला मात्र वाटलं, दोन्हीकडून तुटलं.

"गेलं वाटतं," तो म्हणाला. सेट ठेवला नाही. "बरंच झालं. समोर असलीस की मला वायर आणि अँटेनाच सुचतात. रंजनी... मला कोचीला जायचं नाहीये. तू ‘जा’ म्हणालीस आणि टॉर्च कुठे धरायचा तेच कळेना. एकदा ‘राहा’ म्हण. सोमवारी नाही म्हणून कळवतो. ओव्हर." मग स्वतःशीच हसल्याचा आवाज. "ओव्हर काय... कोणाला सांगतोय मी! वळतो आता."

फोन वाजला. मामा!

"अगे, असके ऐकलों मी! सगळं!"

"तुम्ही टी. नगरला होतात ना?"

"गर्दी होती, परत आलों. दुकानातला सेट लावून बसलों. हे बघ, छपरावर अँटेना आहे, माझा आवाज पोचतो त्याला. सांगू काय?"

"अय्यो मामा! एक शब्द जरी बोललात—"

"मग तू बोल गे. तो परत येतोय ना? येता येता कुठेतरी पोचेल."

ती बर्फाच्या रिकाम्या पेटीवर चढली, सेट उंच धरला. "क्षितिज, राहा. ओव्हर."

काही नाही.

"कोचीला जाऊ नकोस. राहा. ओव्हर."

जाळं शिवणाऱ्या बाईने वर पाहिलं. शब्द तिला कळला नसावा, चेहरा कळला. तिने पेटी हलू नये म्हणून पाय टेकवून धरली.

"राहा, क्षितिज. ऐकतोयस ना? राहा..." आता ती ओव्हर म्हणायचंही विसरली.

साडेपाचला बोट दिसली. बंदराच्या तोंडाशी सगळ्या बोटी वेग कमी करतात. या बोटीने केला नव्हता. रेडिओवर उत्तर आलेलं नव्हतं. बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं ऐकू येत नाही, हे श्रीरंजनी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगते. तिचा अंगठा अजून बटणावरच होता.